बाकाखालचा मोबाइल

श्रोतेहो, नमस्कार. अकरावीला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, वर्गात मोबाइल कोण बघतोय हे शोधावं लागत नाही. मान खाली, हात बाकाखाली आणि ओठांवर हसू. फळ्यावर न्यूटनचे नियम असताना कुणाला हसू फुटलं, तर कारण न्यूटन नसतो!

मग आपण मोबाइल जमा करून घेतो. माझा त्याला विरोध नाही. फ्रान्सने तर 2018 मध्ये शाळांसाठी तसा कायदाच केला. कॅनडात 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं, की तासाला लॅपटॉपवर भलतंच काही करणाऱ्यांचे गुण तर घटलेच, पण ज्यांना तो पडदा नुसता दिसत होता त्यांचेही घटले. म्हणजे एकाच्या चाळ्यांची किंमत शेजारीपाजारी मोजतात.

पण खरं सांगू? मोबाइल नव्हते तेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर फुली-गोळा चालायचा. मुलाच्या डोक्याला काम नसलं की ते कुठेतरी जाणारच.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी 1990च्या दशकात यावर एक साधी पद्धत रूढ केली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवायचं, शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. आमच्या पुण्यात वाद घालायला शिकवावं लागत नाही, ही त्यातली सोय.

मी एक रुपयाचं नाणं वर उडवतो. अगदी वरच्या टोकाला त्याचा वेग क्षणभर शून्य. मग तिथे अ‍ॅक्सिलरेशन, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? शून्य म्हणणाऱ्यांनी हात वर करा. भराभर हात येतात, हुशार मुलांचेसुद्धा. ‘आता शेजाऱ्याला पटवा,’ म्हटलं की कल्ला सुरू. ‘अरे, शून्य असतं तर नाणं तिथेच लटकलं असतं ना!’ असं कुणीतरी ओरडतं आणि हात खाली यायला लागतात. गुरुत्वाकर्षण काही वर पोचल्यावर सुट्टी घेत नाही. उत्तर तेच, 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग. या गडबडीत मोबाइलची आठवण फारशी कुणाला होत नाही, कारण आपण चुकलो की बरोबर, हे प्रत्येकाला कळून घ्यायचं असतं.

प्रश्न विचारल्यावर थांबायला मात्र हवं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या सुमारास वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंदांची शांतता फळ्यापाशी उभं राहून सोसणं किती अवघड असतं, ते शिक्षकांनाच ठाऊक.

‘पण सर, पोर्शन कधी संपवायचा?’ हा सहकाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. मी नोट्स उतरवून देणं बंद केलं. त्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर जातात, मोबाइल हातात असतो तेव्हाच. वाचलेल्या वेळात तासाला असा एक प्रश्न सहज बसतो. नमस्कार.