चोविसाला सदतीस

(दृश्य: एकमेकांत गुंतून सावकाश फिरणारी दोन दातेरी चाकं. लहान चाकाच्या एका दात्याला लाल रंग लावलेला.)

लाल दात्यावर नजर ठेवा.

लहान चाक म्हणजे पिनियन. त्याला दाते २४. मोठ्या चाकाला ३६. पहिल्या फेऱ्यात लाल दाता समोरच्या १ नंबरच्या दात्याला भिडला. दुसऱ्या फेऱ्यात २५ नंबरच्या, तिसऱ्यात १३ नंबरच्या. आणि चौथ्या फेऱ्याला? पुन्हा १ नंबर. हे यंत्र वर्षभर चालू ठेवलं तरी लाल दात्याची गाठ पडणार ती याच तिघांशी. उरलेल्या ३३ दात्यांना तो कधीच शिवणार नाही.

याचं कारण शाळेतल्या लसाविमध्ये आहे. २४ आणि ३६ यांचा लसावि ७२. म्हणजे ७२ दाते सरकले, पिनियनचे ३ फेरे आणि मोठ्या चाकाचे २ फेरे झाले, की दोन्ही चाकं जिथून निघाली तिथे परत येतात.

आता पिनियन मोटरला जोडू. आपल्याकडे कारखान्यांत सर्रास दिसणारी मोटर मिनिटाला साधारण १,४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. तीन फेऱ्यांनी तीच जोडी समोरासमोर येते, सेकंदाला आठ वेळा, तासाला २८,८०० वेळा. लाल दात्यावर एखादा बारीकसा उंचवटा राहून गेला असेल, तर तो त्याच तीन दात्यांना खात राहतो. बाकीचे दाते ठणठणीत आणि तीन झिजलेले, असं ते चाक होतं.

(दृश्य: लाकडी दात्यांचं जुनं चाक, जवळून.)

इंग्लंडमध्ये पाणचक्क्या आणि पवनचक्क्या बांधणाऱ्या कारागिरांनी यावर फार सुंदर तोड काढली होती. मोठ्या चाकाला एक दाता जास्तीचा द्यायचा. त्या दात्याला ते 'हंटिंग कॉग' म्हणत. केंब्रिजचे प्राध्यापक रॉबर्ट विलिस यांनी १८४१ साली यंत्ररचनेबद्दल लिहिताना या युक्तीची नोंद केली आहे.

मग ३६ च्या जागी ३७ घेऊ. ३७ ही मूळ संख्या. २४ चे मूळ अवयव २, २, २ आणि ३. दोघांत सामाईक काहीच नाही, म्हणून लसावि थेट गुणाकाराइतका, ८८८. आता लाल दाता समोरच्या सगळ्या ३७ दात्यांना एकेकदा भेटल्याशिवाय पहिल्याकडे परत जात नाही. त्याला ३७ फेरे, म्हणजे दीड सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. तीच जोडी तासाला २८,८०० वेळा जमायची, ती आता २,३३५ च्या आसपास. घर्षण कमी झालं नाही बरं का. ते सगळ्यांत वाटलं गेलं.

शाळेत आपण लहानात लहान सामाईक पट शोधतो. गिअर आखणाऱ्याला तो होता होईल तेवढा मोठा हवा असतो.

पण दात्यांची संख्या मूळ घेतली की काम झालं, असं मात्र नाही. १७ दात्यांचं पिनियन आणि ५१ दात्यांचं चाक घ्या. १७ मूळच आहे, पण ५१ म्हणजे ३ गुणिले १७. लसावि ५१ वरच अडला आणि लाल दात्याच्या नशिबी पुन्हा तेच तिघे. उलट २४ आणि ३५ पाहा. दोन्ही संयुक्त संख्या, तरी ३५ चे अवयव ५ आणि ७, २४ मध्ये त्यांतला एकही नाही. लसावि ८४०, पूर्ण गुणाकार. अशा संख्यांना सहमूळ म्हणतात, आणि खरी परीक्षा तीच आहे.

सहमूळ नसतील तेव्हा? २४ म्हणजे २×२×२×३. ३६ म्हणजे २×२×३×३. दोन्हींत सामाईक २×२×३, म्हणजे मसावि १२. गुणाकार ८६४, त्याला १२ ने भागलं की ७२. आणि ३६ ला त्याच १२ ने भागलं की ३, लाल दात्याचे तीन सोबती. युक्लिडनं सुमारे २,३०० वर्षांपूर्वी हेच दोन प्रकार वेगळे करून मांडले होते: सहमूळ असतील तर सरळ गुणाकार, नसतील तर आधी दोघांचं प्रमाण लहानात लहान रूपात आणायचं.

जास्तीचा दाता सगळीकडे चालत नाही. फोर-स्ट्रोक इंजिनात झडपा उघडणाऱ्या दांड्याचा, म्हणजे कॅमशाफ्टचा, वेग पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, बरोबर निम्माच हवा. तिथे एकही दाता इकडचा तिकडे करता येत नाही. शिवाय ३७ दात्यांच्या जोडीतही एक धोका आहेच. पिनियनचा एक दाता खराब झाला, तर तो समोरच्या एकालाही सोडत नाही.

(दृश्य: चालू गिअरबॉक्स. केसिंगवर कंपन मोजणारा सेन्सर.)

बिघाड शोधायलाही हाच लसावि कामी येतो. आपल्या २४ आणि ३७ च्या जोडीत पिनियनचा एक दाता दुखावला असेल, तर सेकंदाला २४ ठोके पडतात. मोठ्या चाकाचा असेल, तर साधारण साडेपंधरा. आणि दर दीड सेकंदानं एक वेगळाच, जड ठोका पडत असेल, तर एकच चाक बदलून भागणार नाही. दोन्ही चाकांवर एकेक खराब दाता आहे, आणि ८८८ दाते सरकले की ते दोघे एकमेकांवर आपटताहेत.