ओढणाऱ्याला आधी कोर्टाबाहेर काढा

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, गांजा कायदेशीर व्हावा का आणि होईल का, असा विषय मला दिलाय. मी ठाण्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करतो, त्यामुळे तिथे जे दिसतं त्यावरूनच बोलेन. पानपट्टीवर गांजा विकायला ठेवा, असं मी म्हणणार नाही. पण उपवन तलावाच्या काठावर सिगारेटमध्ये भरून ओढणारं एकोणीस वर्षांचं पोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहू नये, यावर मी ठाम आहे.

१९८५चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरोधातला कायदा गांजा कशाला म्हणतो? झाडाच्या फुलोऱ्याच्या किंवा फळ धरलेल्या शेंड्यांना. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बी त्यात येत नाहीत. म्हणून भांग या कायद्यातून सुटली; तिचा हिशेब राज्याच्या दारूबंदी कायद्यात होतो. गांजा एक किलोपर्यंत सापडला तर अल्प प्रमाण: एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्या वर गेलं की दहा वर्षांपर्यंत. वीस किलो ओलांडले की कमीत कमी दहा वर्षं, आणि जामीन मिळता मिळत नाही. माल जवळ नसला, नुसता ओढला, तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहेच.

आता हे किलो मोजतात कसे ते बघा. गोणी उघडली की आधी तो उग्र वास येतो. माल बऱ्याचदा ओलसर असतो. त्यात फुलोरा असतो, पानं असतात, बोटाएवढ्या जाड काड्या असतात, तळाशी बी साठलेलं असतं. सगळं एकत्र काट्यावर चढतं. पंचांच्या सह्या होतात, लाखेचं सील लागतं, नमुना प्रयोगशाळेकडे जातो. समजा वजन भरलं अकराशे ग्रॅम आणि त्यात दोनशे ग्रॅम नुसत्या काड्या. व्याख्येप्रमाणे गांजा नऊशेच ग्रॅम, म्हणजे वर्षाचा गुन्हा. कागदावर मात्र दहा वर्षांचा. यावर आम्ही वकील भांडतो, कधी जिंकतोही. पण तोवर ते पोर आत असतं, कॉलेज बुडालेलं असतं, आणि बाहेरच्या व्हरांड्यात त्याची आई पदराने डोळे पुसत उभी असते. मला याचा संताप येतो, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

हा कायदा काही आपल्या परंपरेतून आलेला नाही. १८९३ साली इंग्रज सरकारने भांग-गांजावर आयोग नेमला. त्याने हजारावर साक्षी घेतल्या आणि सांगितलं, की माफक सेवनाने फारसा अपाय दिसत नाही. सरसकट बंदी नको, परवाने आणि कर लावून आवर घाला. स्वातंत्र्यानंतरही कित्येक राज्यांत गांजाची परवानाधारक दुकानं होती. १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराने नशेसाठीचा वापर थांबवायला पंचवीस वर्षांची मुदत घातली आणि ती संपता संपता आपण १९८५चा कायदा केला.

म्हणून गांजा निरुपद्रवी आहे का? अजिबात नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत, भांग, गांजा, चरस घेणारे सुमारे तीन कोटी दहा लाख निघाले. त्यातल्या साधारण बहात्तर लाखांना मदतीची गरज होती. कोवळ्या वयात, रोज आणि जास्त नशेचा माल ओढला तर मानसिक आजाराचा धोका वाढतो, हे डॉक्टर कळकळीने सांगतात. थायलंडने २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, नियम मात्र मागे राहिले. गल्लोगल्ली दुकानं उघडली आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. ती घाई आपल्याला नको.

मला पोर्तुगालचा मार्ग पटतो. २००१ पासून तिथे स्वतःपुरता थोडा माल जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हा नाही, पण मोकळीकही नाही. माणसाला एका समितीसमोर बोलावतात, गरज दिसली तर उपचाराकडे वळवतात. विकणाऱ्यावर खटला चालतोच.

आपल्याकडे होईल का? उत्तराखंडने २०१८ मध्ये धाग्यासाठी, कमी नशेच्या जातीच्या लागवडीला परवाने दिले. शेतीच्या वाटेने बदल होईल, असं मला दिसतं. ओढणाऱ्याची शिक्षा काढायची तर संसदेलाच कायदा बदलावा लागेल, आणि त्यासाठी मतं मागायला कोणी पुढारी पुढे येईल असं निदान आज तरी दिसत नाही.

पण आहे त्या कायद्यातही एक दार आहे. कलम ६४-अ. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि तो आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट टाकले तर हे संरक्षण जाऊ शकतं. पालकांना हे कलम ठाऊकच नसतं. घाबरून ते दंड भरून मोकळं व्हायला बघतात, गुन्ह्याची नोंद मुलाच्या नावावर राहते आणि व्यसन तसंच राहतं. तुमच्या सोसायटीत कुणावर ही वेळ आली, तर वकिलाला पहिल्याच तारखेला ६४-अबद्दल विचारा, आणि त्याच आठवड्यात मुलाला मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन जा.