घरची ध्वनिमुद्रिका आणि चौघांचे कान

रसिकहो,

आजच्या व्याख्यानाचा विषय संगीत ऐकण्याचा असला, तरी मला मैफलीबद्दल बोलायचे नाही. घरातल्या टर्नटेबलवर, स्टिरिओवर आपण जे ऐकतो आणि ऐकता ऐकता ‘हे तुम्हीही ऐका’ म्हणून आपल्यासारख्याच चार वेड्या माणसांपुढे जे ठेवतो, त्याबद्दल मला बोलायचे आहे. उत्तम गवयाची मैफल ही मोठ्या शहरातसुद्धा कधीमधी लाभणारी गोष्ट होती, लहान गावात तर ती दुर्मीळच. ध्वनिमुद्रिका मात्र कोकणातल्या, वऱ्हाडातल्या, गोव्यातल्या घरांतही पोहोचली आणि तिच्याभोवती माणसे जमू लागली. आपल्याकडचा जाणता श्रोता घडवण्यात या जमण्याचा वाटा मैफलीइतकाच मोठा आहे, असे माझे मत आहे. मात्र असे मिळून ऐकणे फळाला यायचे असेल, तर ध्वनिमुद्रिका पुढे ठेवणाऱ्याने तिची पूर्ण ओळख करून दिली पाहिजे आणि ती पूर्ण ऐकवली पाहिजे. आज मी जे सांगणार आहे ते या दोन अटींविषयी आहे.

ओळख करून देण्याची गरज या माध्यमाला जन्मापासूनच आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या कित्येक तबकड्यांच्या शेवटी गायिका आपले नाव इंग्रजीत उच्चारते. गौहर जान यांचे ‘माय नेम इज गौहर जान’ हे शब्द तर सर्वांच्या परिचयाचे आहेत. आज पुष्कळांना ती हौस वाटते, पण तिच्यामागे कामाची निकड होती. मुद्रणे जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि तिथे त्यांच्या तबकड्या निघत. ती भाषा आणि तो आवाज यांची काहीच ओळख नसलेल्या तिथल्या कारागिरांना कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव छापायचे ते कळावे म्हणून गाणे संपताच नाव सांगून ठेवण्याची पद्धत पडली. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदा येथे कारखाना निघाल्यावर तबकड्या इथेच तयार होऊ लागल्या आणि ही पद्धत हळूहळू मागे पडली. परंतु ज्याने गाणारा पाहिलेला नाही त्याच्या हाती केवळ आवाज पोहोचतो आणि त्या आवाजाबरोबर नाव जायला हवे, ही अडचण आजही तशीच आहे.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. तासभर ख्याल मांडणाऱ्या गवयाला तेवढ्यात राग उभा करायचा, बंदिश म्हणायची, चार ताना घ्यायच्या आणि समेवर येऊन थांबायचे, अशी ती कसोटी होती. त्यामुळे विलंबित लय बहुधा बाजूला राहिली आणि मध्य व द्रुत लयीतल्या चिजा पुढे आल्या. याने गाण्याचे नुकसान झाले, असे म्हणणारे आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. श्रोत्याला मात्र यातून मैफलीत कधीच न मिळणारी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे तीच जागा पुन्हा ऐकण्याची सोय. मैफलीत एखादी हरकत कानांवरून निघून गेली की गेली. घरी चौघे बसलेले असताना एकाच्या कानाला जे लागले ते दुसऱ्याच्या निसटले असेल, तर सुई उचलून मागे ठेवता येते आणि ‘आता गंधार कसा लावला आहे तो ऐका’ असे सांगता येते. मिळून ऐकण्याचे खरे शिक्षण याच क्षणी सुरू होते, कारण दुसऱ्याने जागा दाखवेपर्यंत ती आपल्याला ऐकूच आलेली नसते.

या शिक्षणाचा आवाका किती होता, याचे दाखले आपल्याजवळ आहेत. मिरजेला राहणाऱ्या अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही ठुमरी आपण लहानपणी दुकानात लावलेल्या तबकडीवर ऐकली आणि असे गाणे शिकायचेच म्हणून घर सोडले, असे पंडित भीमसेन जोशी स्वतः सांगत. ती तबकडी दुसऱ्या कोणीतरी, रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशी लावलेली होती, याकडे माझे विशेष लक्ष जाते. कुमार गंधर्व तर बालवयातच मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून ते गाणे हुबेहूब उभे करीत आणि त्याच गुणामुळे प्रथम नावारूपाला आले.

ज्यांचे गाणे कधी मुद्रितच झाले नाही, अशा गुरूंकडेही घरच्या श्रवणातून जाता येते. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते, तरी त्यांची तबकडी नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, त्यांचीही नाही. पण एका संध्याकाळी अल्लादिया खाँ यांच्या शिष्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर आणि खाँसाहेबांच्या मुलांकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर या तिघांना लागोपाठ ऐकून पाहावे. तिन्ही आवाज वेगळे, तिन्ही स्वभाव वेगळे, तरीही लयीला बिलगून येणारी, सहजासहजी श्वास न सोडणारी तानेची वळणे तिघांतही सापडतात. जे तिघांत समान आहे त्यातून गुरूचे गाणे कसे असेल याचा अंदाज बांधता येतो. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे दोघेही भास्करबुवांचे शिष्य. त्यांची नाट्यपदे अशीच जोडीने ऐकावीत. हा शोध एकट्यानेही घेता येतो, परंतु त्यात फसगत फार होते. जे हवे आहे तेच कानाला ऐकू येऊ लागते आणि ‘मला तर तसे वाटले नाही’ असे म्हणणारा शेजारी नसेल, तर ती समजूत कायमची पक्की होते.

आता यंत्राकडे वळतो, कारण तिथल्या हलगर्जीपणाने भल्याभल्यांचे श्रवण बिघडलेले आहे. ज्यांना आपण सरसकट ७८ फेऱ्यांच्या तबकड्या म्हणतो, त्यांतल्या सुरुवातीच्या काळातल्या सर्वच मिनिटाला ७८ फेरे धरून मुद्रित झालेल्या नाहीत. वेग कमीजास्त असे. तबकडी ७८ ऐवजी ७४ च्या आसपास फिरवली, तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने उतरतो. पेटीच्या काळी चार या पट्टीत गाणारी बाई तिच्या लगत खालच्या पांढरी पाचमध्ये गाऊ लागते, लय संथ होते, आणि ज्याने मूळ आवाज ऐकलेला नाही त्याला हे गाणे गंभीर प्रकृतीचे आहे असा भ्रम होतो. उलट वेग वाढला, तर दमदार गवई उतावळा वाटू लागतो. म्हणून जुनी तबकडी लावण्यापूर्वी पेटीवर षड्ज लावून पाहावा, त्या कलावंताची ज्ञात पट्टी कोणती होती हे कोणा जाणत्याला विचारावे, आणि वेग बदलण्याची सोय असलेले यंत्र वापरावे. यावर एकमत होत नसेल, तर दोन्ही वेगांनी ऐकावे आणि कोणत्या वेगाला आवाज माणसाच्या गळ्यातून येतो आहे असे वाटते, ते चौघांनी मिळून ठरवावे.

सुईचेही तसेच आहे. ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते आणि तिला सुमारे ७५ मायक्रॉन जाडीचे टोक लागते. लाँग प्लेची, म्हणजे नंतर आलेल्या जास्त वेळ चालणाऱ्या तबकडीची, खाच बारीक, तिला २५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी. बारीक सुई रुंद खाचेत घातली की ती तळाशी घासत जाते, खरखर वाढते आणि गाणे मागे पडते; मग लोक म्हणतात, तबकडी खराब आहे. शिवाय या जुन्या तबकड्यांत आवाज एकाच वाहिनीचा आहे. स्टिरिओवर लावताना अँप्लिफायरची मोनोची कळ दाबली, किंवा दोन्ही वाहिन्या एकत्र जोडल्या, तर सुईच्या वरखाली हालचालीतून येणारा बराचसा गोंगाट आपोआप वजा होतो. पैसा न खर्चता होणारी ही सुधारणा आहे आणि ती न करता हजारो रुपयांच्या तारा विकत घेणाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते. त्या पैशात कितीतरी तबकड्या येतील.

१९४८ मध्ये अमेरिकेत लाँग प्ले तबकडी आली. मिनिटाला सुमारे ३३ फेरे आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वेळ, यामुळे ख्यालाला आपला संथ विस्तार परत मिळाला. अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारी या दोन रागांची तबकडी घ्या. झुमरा तालाच्या अतिविलंबित लयीत एकेका स्वराभोवती रेंगाळत केलेली ती बढत तीन मिनिटांच्या तबकडीत शक्यच नव्हती. १९५५ मध्ये अली अकबर खाँ यांची सरोदवादनाची लाँग प्ले अमेरिकेत निघाली, तिच्या आरंभी व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी स्वतःच्या आवाजात ओळख करून दिली आहे. या संगीताशी अपरिचित असलेल्या श्रोत्याला आधी तानपुरा कशासाठी, रागाचे स्वर कोणते हे समजावून मगच सरोद ऐकवायचे, हा त्यांचा क्रम मला आदर्श वाटतो. स्वतः इतक्या थोर कलावंताने दुसऱ्या परंपरेच्या संगीताची ओळख करून देण्यासाठी इतक्या नम्रतेने पुढे व्हावे, याचे मोल मोठे आहे.

स्पूल टेप आणि त्यानंतर, १९६३ पासून, कॅसेट आल्यावर खासगी मैफलींची मुद्रणे हातोहात फिरू लागली. त्यांच्यामुळे कंपन्यांनी कधीच काढले नसते असे दीड-दीड तासांचे गाणे आपल्यापर्यंत पोहोचले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु प्रतीची प्रत होताना डब्यावरची चिठ्ठी हरवली. गायक कोण, साल कोणते, तबल्याला कोण, पेटीला कोण, काही कळेनासे झाले. वेग चढला-उतरला तोही तसाच पुढे गेला. आता मोबाईलवर हेच मुद्रण एका क्षणात शंभर जणांना जाते आणि पुष्कळदा गुरूचे गाणे शिष्याच्या नावावर किंवा शिष्याचे गुरूच्या नावावर असते. नुसते ‘अप्रतिम’ असे लिहून मुद्रण पुढे पाठवणे म्हणजे ऐकणे वाटून घेणे नव्हे. ज्याला आपण ते पाठवतो त्याच्या कानांचा आणि गाणाऱ्याच्या कष्टांचा तो अनादर आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

याच्या उलट, एका जाणत्या श्रोत्याच्या शिफारशीने काय घडते तेही सांगतो. १९७७ मध्ये व्हॉयेजर या अंतराळयानांबरोबर पृथ्वीवरचे आवाज असलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवायची ठरली, तेव्हा संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी केसरबाईंची भैरवी ‘जात कहाँ हो’ सुचवली. नुसते ‘भारतीय संगीत घ्या’ असे न सांगता त्यांनी नेमकी गायिका, नेमका राग आणि नेमकी चीज सांगितली. तबकडी तेव्हा बाजारात मिळत नव्हती. शोधता शोधता न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या न उघडलेल्या प्रती सापडल्या. गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ रोजी निवर्तल्या. तोवर दोन्ही याने निघालेली होती.

अशी नेमकी नोंद ठेवण्याचे काम मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने केले. मायकेल किनिअर यांचा पुढाकार आणि सुरेश चांदवणकर यांचे दीर्घकाळचे परिश्रम यांतून संग्राहक एकमेकांना भेटू लागले, तबकड्या मिळून ऐकू लागले आणि लेबलावरचा क्रमांक, मधल्या कोऱ्या भागात कोरलेला साचाक्रमांक, मुद्रणाचा काळ असे तपशील छापून येऊ लागले. रूक्ष वाटणाऱ्या या आकड्यांवरूनच एकाच दिवशी मुद्रित झालेल्या तबकड्या ओळखू येतात आणि कलावंताच्या गळ्याचा प्रवास क्रमाने ऐकता येतो.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी यंत्र आहे, त्यांनी महिन्यातून एकदा शेजारपाजारच्या रसिकांना बोलवावे, अशी माझी विनंती आहे. एका बैठकीला दोन-तीन मुद्रणे पुरेत. याहून अधिक झाली की कान थकतात. आधी ओळख थोडक्यात द्यावी, मुद्रण चालू असताना कोणी बोलू नये, चहा नंतर ठेवावा. बाजू संपल्यावर सर्वांत नवख्या श्रोत्याला आधी बोलू द्यावे, कारण जाणता आधी बोलला की नवख्याला स्वतःचे ऐकणे आठवेनासे होते. नंतर वादाची जागा पुन्हा लावावी.

आज आपण हेच करणार आहोत. वेळ संध्याकाळची आहे, म्हणून आधी उल्लेख केलेल्या लाँग प्लेची पहिली बाजू लावतो: गायक अमीर खाँ, राग मारवा, विलंबित झुमरा आणि नंतर द्रुत तीनताल. या रागात पंचम वर्ज्य, रिषभ कोमल आणि मध्यम तीव्र आहे. खाँसाहेब षड्जावर येण्याचे किती वेळ टाळतात आणि तोवर रिषभ-धैवतांवर कसे थांबतात, एवढ्याकडे या वेळी लक्ष द्यावे. बाजू संपली की पहिल्या रांगेतल्या विद्यार्थ्यांनी बोलायला सुरुवात करावी.