भूल उतरल्यानंतरचे शरीर

श्रोतेहो, नमस्कार. शस्त्रक्रियेला निघालेला रुग्ण पुष्कळदा विचारतो, "मला झोपवणार ना?" पण भूल म्हणजे झोप नव्हे. झोपलेला माणूस हाक मारली की जागा होतो. पूर्ण भूल दिलेल्या माणसाला शस्त्र चालले तरी जाग येत नाही. प्रोपोफॉलसारखे औषध शिरेतून दिले, की मेंदूच्या पेशींना शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा प्रभाव वाढतो आणि मिनिटाभरातच शुद्ध हरपते.

मात्र हा परिणाम मेंदूपुरता राहत नाही. रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो. आणि स्नायू शिथिल करणारे औषधही दिले असेल, तर श्वासपटल हलत नसल्यामुळे यंत्राने श्वास द्यावा लागतो. खोकण्या-गिळण्याची क्षमताही तेवढ्या वेळापुरती हरपते, त्यामुळे पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतू शकते. साधारणपणे हलके अन्न आणि दूध 6 तास, तर साधे पाणी 2 तास आधी बंद करायला सांगतात ते यासाठीच. चुकून काही खाल्ले असेल, तर कृपया ते भूलतज्ज्ञांपासून लपवू नका.

भूल उतरताना अनेकांना हुडहुडी भरते. त्वचेकडील रक्तवाहिन्या उघडल्याने शरीराच्या गाभ्यातील उष्णता हातापायांकडे पसरलेली असते, आणि पहिल्या तासाभरातच आतले तापमान 1 अंश सेल्सिअसच्या आसपास खाली येऊ शकते. श्वासनळीत घातलेल्या नळीमुळे घसा दुखतो. मळमळही पुष्कळांना होते, पण तिच्यावर औषधे आहेत.

याहून महत्त्वाची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. प्रोपोफॉलच्या एका मात्रेनंतर माणूस काही मिनिटांत डोळे उघडतो, तो औषध शरीराबाहेर पडले म्हणून नव्हे, तर ते मेंदूतून स्नायूंकडे आणि चरबीकडे सरकले म्हणून. तिथून ते हळूहळू रक्तात परतते आणि यकृत त्याचे विघटन करते. म्हणून नीट बोलणाऱ्या, चालणाऱ्या रुग्णाचीही निर्णयशक्ती मंद असू शकते. त्याने निदान 24 तास वाहन चालवू नये, महत्त्वाच्या कागदांवर सही करू नये.

वृद्धांमध्ये शस्त्रक्रियेनंतर काही तासांनी किंवा दिवसांनी गोंधळलेपण येऊ शकते. "वयामुळे असे होणारच," असे समजून नातेवाइकांनी गप्प बसू नये. डॉक्टरांना लगेच कळवावे, आणि रुग्णाचा चष्मा व श्रवणयंत्र शक्य तितक्या लवकर त्याला परत द्यावे.