अर्थशास्त्राच्या मॅडम नेमकं करतात काय? नेट-सेट, पीएचडी आणि 2 हेक्टरची रेषा

नमस्कार मंडळी. आवाज येऊन राहिला ना नीट? मागच्या व्हिडिओखाली अर्ध्या कमेंट आवाजावरच होत्या, म्हणून आज माईक ओढणीला लावलाय आणि पंखा बंद केलाय. घाम दिसला तर दुर्लक्ष करा.

उरलेल्या अर्ध्या कमेंटमध्ये दोनच प्रश्न. एक, मॅडम, अर्थशास्त्राचं लेक्चरर व्हायला काय लागतं? दोन, तुमचं संशोधन कशावर आहे? आणि एका दादाने विचारलंय, कोणता शेअर घेऊ. दादा, ते मला नका विचारू. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला शेअर कळतात हा समज कुठून आला देव जाणे. लग्नकार्यात सुद्धा कोणीतरी काका वरणभात कालवता कालवता हेच विचारतात.

तर पहिला प्रश्न पटकन उरकते, कारण ही माहिती सगळीकडे आहे. एमएला 55 टक्के, राखीव प्रवर्गाला 50. मग नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. नेट ही देशपातळीवरची, ती एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते; आपल्या राज्याची सेट पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. पेपर एक सगळ्यांना सारखा, 50 प्रश्न. पेपर दोन आपल्या विषयाचा, 100 प्रश्न. एकूण 300 गुण, तीन तास, चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकासाठी पीएचडी सक्तीची राहिली नाही, नेट-सेट चालतं. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये. कायम पद मिळालं तर पगाराची लेव्हल 10, मूळ पगार 57,700.

हा शेवटचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्याच्या आधीची तासिका तत्त्वाची, म्हणजे तासाप्रमाणे मानधनाची वर्षं कोणी विचारत नाही. दोन तालुक्यांतली दोन कॉलेजं, सकाळच्या एसटीने एक, दुपारच्या काळीपिवळीने दुसरं. एका ठिकाणचं मानधन दिवाळीच्या आत निघेल म्हणाले, ते होळीला निघालं. आमच्या काकू आईला विचारायच्या, "मास्तरीण झाली म्हणता, मंग पगार कुठी हाये?" आई काय सांगणार. तेव्हा या लाईनीत येणाऱ्यांनी घरच्यांना ही वर्षं आधीच सांगून ठेवा. मनातल्या मनात 57,700 चा हिशेब करत बसू नका.

झालं. आता दुसरा प्रश्न, माझ्या आवडीचा. माझं संशोधन कर्जमाफीवर आहे, माफीने शेतकऱ्याचं पुढं काय झालं. पण तिथं जायच्या आधी संशोधन म्हणजे काय ते बघू.

माझ्याकडे पीएचडीला यायचं म्हणून मुलं-मुली भेटायला येतात. हातात फाईल, फाईलमध्ये पहिल्या पानावर शीर्षक. "यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या : एक अर्थशास्त्रीय अभ्यास." जिल्हा बदला, पीक बदला, बाकी तेच. मी विचारते, बाळा, समस्या आहेत हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, चहाच्या टपरीवर माहीत आहे. तू शोधणार काय? तर म्हणतात, मॅडम, प्रश्नावली भरून घेऊ, 300 शेतकरी, टक्केवारी काढू. मग 82 टक्के लोक म्हणणार भाव मिळत नाही, 74 टक्के म्हणणार मजूर मिळत नाही. आणि त्याच्यापुढे एक रंगीत वर्तुळ. हे आकडे मी आत्ता तोंडाला येतील तसे सांगितले, पण असा प्रबंध तुम्हीही चाळला असेल.

यात एक प्रश्न गायब आहे. कोणाच्या तुलनेत?

मागे एका ताईंनी कमेंट केली होती की ठिबक घेतलेल्यांचं उत्पन्न त्यांच्या गावात दुप्पट आहे, म्हणजे ठिबकने उत्पन्न दुप्पट होतं. ताई, तुमचं निरीक्षण खरं असेल. पण ठिबक घेतलं कोणी? ज्याच्याकडे विहीर होती, विहिरीला पाणी होतं, अनुदान येईपर्यंत पदरचे पैसे टाकायची ऐपत होती. तो माणूस ठिबक नसतानाही शेजाऱ्यापेक्षा पुढेच होता. तुम्ही ठिबक मोजलं की विहीर मोजली? मला जो शेतकरी पाहिजे, तो अगदी यांच्यासारखाच, तेवढंच पाणी, तेवढीच ऐपत, फक्त ठिबक नसलेला. तो सापडला की संशोधन सुरू झालं. तोवर आपण गप्पा मारून राहिलो.

आणि "आधी-नंतर" करून सुटका होत नाही बरं का. हे दुसरं दुखणं. योजनेच्या आधी इतके, नंतर तितके, म्हणून योजना यशस्वी. किंवा अयशस्वी, बोलणारा कोणत्या पक्षाचा आहे त्यावर अवलंबून. 2017 च्या हंगामात आपल्याकडे गुलाबी बोंडअळीने कापसाची वाट लावली. त्याच वर्षी राज्याची दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. आता कोणी 2016 आणि 2018 ची शेतकऱ्याची स्थिती शेजारी शेजारी ठेवली, तर त्यात बोंडअळी किती, भाव किती, पाऊस किती आणि माफी किती, हे वेगळं कसं काढणार?

म्हणून मी रेषा शोधते. म्हणजे सरकारी नियमाने पाडलेली अशी सीमा, जिच्या दोन्ही बाजूंची माणसं जवळपास सारखी, पण लाभ एकाच बाजूला.

(स्क्रीनवर सातबारा, नाव झाकलेलं, क्षेत्राच्या रकान्यावर गोल)

2008 ची केंद्राची कर्जमाफी आठवते? ज्यांचं वय कमी आहे त्यांनी घरी विचारा. नियम असा होता की 2 हेक्टरपर्यंत जमीन असेल तर थकलेलं पीककर्ज पूर्ण माफ. 2 हेक्टरच्या वर असेल तर पूर्ण माफी नाही, आधी स्वतःचा हिस्सा भरायचा, मग सूट. 2 हेक्टर म्हणजे पाच एकराला थोडं कमी. आमच्या गावात सोसायटीच्या भिंतीवर यादी लागली होती. लोक नावावरून बोट फिरवत खाली खाली यायचे. काहींचं बोट यादी संपली तरी थांबायचं नाही, परत वरून सुरू.

आमचं नाव नव्हतं. सात एकर कोरडवाहू. बाबा तेव्हा म्हणाले, "पोरी, सात एकर हाये म्हून आपण बागायतदार झालो का?" हीच तक्रार तेव्हा अख्ख्या विदर्भाची होती. इथं कोरडवाहू जमीन, धारणा मोठी दिसते, पीक मात्र पावसाच्या भरवशावर. कॅनॉलवरच्या दोन हेक्टर उसाला आणि आमच्या काळ्या रानातल्या दोन हेक्टरला एकच माप. गंमत बघा, 1918 साली बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान जमीनधारणेवर जे लिहिलं त्यात हाच मुद्दा आहे. धारणा लहान की मोठी हे नुसतं क्षेत्र मोजून ठरत नाही, त्या जमिनीला भांडवल आणि श्रम किती मिळतात त्यावर ठरतं. त्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागले. म्हणजे आमच्याच खात्यातले.

पण संशोधक म्हणून बघितलं तर ही अन्यायाची रेषा माझ्या कामाची आहे. समजा एकाच्या सातबाऱ्यावर 1 हेक्टर 98 आर (आर म्हणजे जवळपास गुंठाच), दुसऱ्याच्या 2 हेक्टर 3 आर. फरक पाच गुंठ्यांचा. पाऊस तोच, बाजार तोच, सोसायटी तीच. एकाचं कर्ज गेलं, दुसऱ्याचं राहिलं. आता पाच-सहा वर्षांनी दोघांकडे काय आहे बघा. बैलजोडी, विहीर, मुलांची शाळा, नवीन कर्ज. जो फरक दिसेल, तो बऱ्याच अंशी माफीचा. कोणाच्या तुलनेत, याचं उत्तर इथं सरकारनेच देऊन ठेवलंय.

कमेंटमध्ये कोणीतरी हुशार विचारणारच, मॅडम, लोकांनी वाटणी करून जमीन कमी दाखवली असेल तर? शाब्बास, अगदी बरोबर शंका. म्हणून नियम मुळातून वाचायचे, बातमीवरून नाही. या योजनेत कर्ज मंजूर झालं त्या वेळची जमीन धरली होती, नंतरच्या वाटण्या चालल्या नाहीत. आणि कर्ज 31 मार्च 2007 पर्यंत उचललेलं पाहिजे होतं. योजना आली 2008 च्या अर्थसंकल्पात. म्हणजे रेषा कुठं पडणार हे माहीत नसताना लोक तिच्या अलीकडे-पलीकडे बसले होते. यामुळे ती रेषा चांगली.

सगळ्याच रेषा चांगल्या नसतात. 2006 चं शेतकऱ्यांसाठीचं पंतप्रधान पॅकेज विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना मिळालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा. चंद्रपूरला नाही. वर्धा नदीच्या एका काठाला यवतमाळ, दुसऱ्याला चंद्रपूर, दोन्हीकडे कापूस. एक विद्यार्थी आनंदाने आला, मॅडम, रेषा सापडली! त्याला न्यू जर्सी आठवलं होतं. अमेरिकेत 1992 साली न्यू जर्सी राज्याने किमान मजुरी वाढवली, शेजारच्या पेन्सिल्व्हेनियाने नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बर्गरच्या दुकानांतली माणसं मोजली, आणि मजुरी वाढली म्हणून कामं गेली असं काही दिसलं नाही. कार्ड यांना अशा कामासाठी 2021 चं नोबेल मिळालं. क्रूगर तेव्हा हयात नव्हते. तर विद्यार्थी म्हणाला, तसंच आपल्या नदीवर करू. मी म्हटलं, थांब. हे सहा जिल्हे निवडले कशावरून? शेतकरी आत्महत्या जास्त म्हणूनच ना? मग पॅकेज मिळालेला काठ आधीच जास्त अडचणीत होता. पुढं दोन्ही काठांत फरक दिसला तर तो पॅकेजचा म्हणशील की आधीच्या अडचणीचा? नकाशावर रेषा काढता येते म्हणून तुलना होत नाही. दोन्हीकडची माणसं आधी सारखी होती का, हे दाखवावं लागतं. तो हिरमुसला. पण आता तो दोन्ही काठांची पॅकेजच्या आधीच्या वर्षांची आकडेवारी जमवून राहिला, आणि माझ्या मते तोच त्याचा खरा प्रबंध होईल.

या पद्धतीचं लंगडेपण पण सांगते, नाहीतर म्हणाल मॅडम स्वतःचंच घोडं दामटतात. 2 हेक्टरची रेषा मला फक्त पाच एकरांच्या आसपासच्या माणसाबद्दल सांगते. एक एकरवाल्याबद्दल नाही, वीस एकरवाल्याबद्दल नाही. दुसऱ्याची जमीन मक्त्याने-बटईने करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, त्याला बँकेचं पीककर्ज मिळणंच कठीण. आणि सावकाराकडून घेतलेलं कर्ज बँकेच्या माफीत येत नाही. गुजरातमध्ये याच रेषेभोवती झालेल्या एका अभ्यासात घरावरचा बोजा उतरला, पण शेतीतली गुंतवणूक वाढल्याचं दिसलं नाही. ते गुजरात झालं. इथं काय झालं ते इथंच बघावं लागेल, म्हणून तर हा खटाटोप.

गावात जाऊन विचारायची पण पद्धत आहे. "उत्पन्न किती?" असं विचारलं की माणूस एकतर हसतो, नाहीतर तुम्ही तहसीलमधून आलात का म्हणतो. मी विचारते, कापसाचा पहिला वेचा कधी झाला? मजुरी किलोमागे किती दिली? काटा, म्हणजे वजन, कुठं केला, घरी की जिनिंगवर? सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर नेला तर ओलावा किती निघाला? तिथं 8 टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, 12 पर्यंत कपात करून घेतात, वर गेला की गाडी परत. ओलाव्याचा आकडा लोकांच्या असा डोक्यात बसलेला असतो की काही वर्षांनीही सांगतात. उत्पन्न नाही सांगत.

आणि फक्त पिकाचं विचारू नका. एनएसएसच्या, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या, 77 व्या फेरीत, 2018-19 च्या कृषी वर्षासाठी, देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये आलं. त्यात मजुरी-पगाराचे 4,063 आणि पिकाचे 3,798. शेतकरी कुटुंबात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त! तुमच्या प्रश्नावलीत मजुरीचा रकानाच नसेल तर अर्धं घर बाहेर राहिलं.

शेवटची कमेंट. "मॅडम, पीएचडीसाठी चांगला विषय सुचवा." रोज चार तरी येतात. नाही सुचवणार. तुम्हीच खाली एका वाक्यात लिहा, कोणती दोन माणसं किंवा दोन गावं शेजारी ठेवणार आणि ती आधी सारखी होती हे कशावरून म्हणता. जमलं असेल त्यांना मी स्वतः उत्तर देईन. "समस्या : एक अभ्यास" लिहिलं तर नुसता अंगठा मिळेल, तोही कोणत्या दिशेला ते सांगत नाही.

इंग्रजीची भीती असेल तर पेपरमधले तक्ते आधी वाचा, मजकूर नंतर. आकडेमोडीसाठी आर (R) नावाचं सॉफ्टवेअर शिका, फुकट आहे. आणि पीडीएफ मागू नका, एनएसएसची घरनिहाय आकडेवारी सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट मिळते. ती उतरवायची कशी आणि त्यातून आपले जिल्हे वेगळे कसे काढायचे, हा पुढचा व्हिडिओ. आता बंद करते, मोटारीची लाईट आली आणि बाबा बांधावरून हाका मारून राहिले.