गळू लपवलं की पसरतं

वसतिगृहं, बराकी, तुरुंग, निवारागृहं, खेळाडूंची शिबिरं चालवणारी मंडळी आज इथे मोठ्या संख्येने आली आहेत, म्हणून थेट विषयालाच हात घालतो. एकाच खोलीतल्या तिघाचौघांना पाठोपाठ गळवं झाली, की मला हमखास विचारलं जातं, "डॉक्टर, सगळ्यांनाच अँटिबायोटिक देऊन टाकू का?" माझं उत्तर आहे, नका देऊ.

या गळवांमागे बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू असतो. तीन माणसांत साधारण एकाच्या नाकात तो काही त्रास न देता मुक्कामाला असतो. पेनिसिलिन आलं आणि काही वर्षांतच त्याने त्याला दाद देणं सोडलं. मग १९५९ मध्ये मेथिसिलिन आलं. १९६१ मध्ये ब्रिटनमधून त्यालाही न जुमानणाऱ्या जंतूंची नोंद झाली. पेशीची भिंत बांधणारं जे प्रथिन ही औषधं पकडतात, त्याच्याऐवजी हा जंतू दुसरंच प्रथिन वापरतो आणि औषधाची पकड बसत नाही. त्यामुळे एकटं मेथिसिलिनच नव्हे, तर अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन अशी नेहमीची औषधंही वाया जातात. हाच एमआरएसए. त्यावर चालणारी औषधं आहेत, पण मोजकी आहेत, आणि ती वाटेल तशी वाटली तर तीही हातची जातील.

आता गळू नीट बघा. मांडीवर किंवा काखेत लाल गाठ येते, गरम लागते, ठणकते. किडा चावला असेल असं समजून माणूस दोन दिवस काढतो. रात्री ठणका सहन होत नाही म्हणून नखांनी पिळतो. पू बाहेर येतो, तो टॉवेलने पुसतो आणि टॉवेल सगळ्यांच्या टॉवेलांशेजारी खुंटीला अडकवतो. मला विचाराल तर साथ सुरू होते ती इथे. पिळल्यामुळे थोडा पू आतही ढकलला जातो, ते वेगळंच.

पुवाच्या पिशवीत रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे गोळीतलं औषध तिथे पुरेसं पोहोचत नाही. खरा उपचार म्हणजे डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढणं. पू तपासणीला पाठवायला सांगा, म्हणजे कोणतं औषध चालेल ते कळतं. सोबत गोळ्या द्यायच्या की नाही, हे त्या रुग्णाकडे बघून डॉक्टर ठरवतील. बाकी खोलीने त्या घ्यायचं काही कारण नाही.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुई रॅम्स या फुटबॉल संघात ५८ पैकी ५ खेळाडूंना एमआरएसएची गळवं झाली. सगळी कृत्रिम गवतावर खरचटलेल्या जागी. तपास करणाऱ्यांना काय दिसलं? एकच टॉवेल अनेक जण वापरत होते आणि अंघोळ न करताच सामायिक टबात उतरत होते. या खेळाडूंना वर्षभरात मिळणारी अँटिबायोटिकं त्यांच्या वयाच्या इतर पुरुषांच्या दहापटीहून जास्त होती. गोळ्यांची तिथे अजिबात टंचाई नव्हती, तरीही साथ आलीच.

औषधी पुसण्यांनी सगळ्यांचं अंग पुसून घ्यायचा प्रयोगही झालाय. अमेरिकी मरीन प्रशिक्षणार्थींना क्लोरहेक्सिडिनची पुसणी दिली, तेव्हा अंगावरचे जंतू कमी झाले, गळवं मात्र म्हणावी तशी घटली नाहीत. नाकात लावायचं म्युपिरोसिन मलम पुन्हा पुन्हा गळवं होणाऱ्यांसाठी राखून ठेवा. सरसकट वापरलं तर त्यालाही जंतू सरावतात.

मग करायचं काय? जखम कोरड्या पट्टीने पूर्ण झाकायची, पट्टी भिजली की बदलायची, काढलेली पिशवीत बांधून टाकायची आणि हात धुवायचे. टॉवेल, वस्तरा, साबणाची वडी ज्याची त्याची. एवढं पाळलं तर पट्टीवाल्या माणसाला खोलीबाहेर काढायची गरज नसते. पट्टीतूनही पू झिरपत असेल तरच त्याला कुस्ती आणि स्वयंपाकापासून काही दिवस दूर ठेवा. सामायिक टबात मात्र जखम भरेपर्यंत उतरायचं नाही.

पण यातलं काहीही व्हायला आधी माणसाने "मला गळू झालंय" असं सांगायला हवं. तो का सांगत नाही? खाट जाईल, संघातून वगळतील, स्वयंपाकघरातलं काम आणि त्याबरोबर मजुरीही जाईल, शिवाय सगळे घाणेरडा म्हणतील. ही भीती खोटी नाही, तुमच्यापैकी काहींचे नियमच तिला खतपाणी घालतात. स्वच्छ राहणाऱ्यालाही गळू होतं, हे फलकावर लिहा. स्वयंपाक करणाऱ्याला त्या दिवसांत दुसरं काम द्या, मजुरी कापू नका. पट्ट्यांचा डबा कुलपात न ठेवता कोणालाही घेता येईल असा ठेवा. फरशीवर रोज जंतुनाशक ओतण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, असं मला अगदी मनापासून वाटतं. साफसफाई हवीच, पण आधी अंगाला लागणाऱ्या वस्तूंची: गाद्या, व्यायामाची बाकं, अंघोळीच्या जागा.

आणि काही वेळा थांबायचं नाही. ताप आला, लाली झपाट्याने पसरू लागली, दिसतंय त्यापेक्षा वेदना फार जास्त असली, गळू नाकाजवळ किंवा डोळ्याजवळ असलं, किंवा माणसाला मधुमेह असला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री रुग्णालय गाठा.