अर्ध्या आण्यात कुठंही

(दृश्य: भिंगाखाली लाल, गोल तिकीट)

जवळून पाहा. पाकीट बंद करायला वापरायचे तसल्या लाल लाखेच्या पातळ चकतीवर हा ठसा उठवलाय. मधोमध बदाम, त्याचे तीन कप्पे, कप्प्यांत ईस्ट इंडिया कंपनीची आद्याक्षरं आणि खाली किंमत: अर्धा आणा. हे सिंध डाकचं तिकीट, आशियातलं पहिलं. तारीख 1 जुलै 1852.

सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि तिथला कमिशनर होता बार्टल फ्रिअर. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला. आजचा पी. डिमेलो रोड जुन्या मुंबईकरांना फ्रिअर रोड म्हणून आठवतो, तोच हा फ्रिअर.

लाख ठिसूळ. पत्राला जरा घडी पडली की तिकिटाला तडा. मग ठसा पांढऱ्या कागदावर उठवून पाहिला. पण पांढऱ्यावर पांढरं, दिव्याच्या उजेडात दिसणार काय? शेवटी तोच ठसा निळ्या रंगात काढला. ही तिकिटं चालायची फक्त सिंधमध्ये.

(दृश्य: हरकाऱ्याचा भाला, घुंगरांचा क्लोजअप)

वाहणारे पाय मात्र तेच होते, हरकाऱ्यांचे. खांद्यावर थैली, हातात भाला. रानातलं जनावर बाजूला व्हावं आणि पुढच्या चौकीवरच्या गड्यानं कंबर कसून तयार राहावं, म्हणून भाल्याला घुंगरं.

(दृश्य: 1854 ची तिकिटं, एकेक करून)

आता कलकत्त्याला. सर्व्हेअर जनरलच्या ऑफिसात नकाशे छापणारे शिळाप्रेस होते, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून छापायची यंत्रं. सबंध हिंदुस्थानासाठी तिकिटं छापायचं काम तिथल्या कॅप्टन थुलियरच्या गळ्यात पडलं. अर्ध्या आण्याचं तिकीट आधी शेंदरी रंगात निघालं. विलायती शाई संपली, म्हणून देशी शेंदरी शाई वापरली, तर तिनं दगडावरचं चित्रच खाल्लं. मग नव्यानं नक्षी काढून निळी शाई घेतली. ते आधीचं लाल तिकीट संग्राहकांच्या तोंडी ‘साडेनऊ कमानी’ म्हणूनच आहे. चौकटीच्या नक्षीतल्या कमानी मोजायची हौस असेल त्यांनी व्हिडिओ इथे थांबवावा.

आणि हे चार आण्याचं. चौकट लाल, राणीचा मुखडा निळा, म्हणजे छपाई दोनदा. काही कागद दुसऱ्या खेपेला उलटे गेले आणि राणी व्हिक्टोरिया खाली डोकं वर मान अशी बाहेर आली! जगातल्या दुर्मीळ तिकिटांत तिची गणना होते.

पण खरा बदल छपाईत नव्हता, दरात होता. 1837 च्या कायद्याप्रमाणे पत्राचा दर अंतरावर ठरायचा. कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर वजनाच्या पत्राला एक रुपया पडे. 1 ऑक्टोबर 1854 पासून पाव तोळ्याला अर्धा आणा, मग पत्र शेजारच्या गल्लीत जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला. कलकत्ता-मुंबईचं तेच तोळाभर पत्र दोन आण्यांत जायला लागलं. तिकीट न लावता टाकलंत तर घेणाऱ्याला दुप्पट भुर्दंड. आपल्या आज्या ज्याला ‘नॉटपेड’ म्हणायच्या, तेच.

1879 साली पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं.

(दृश्य: मुंबई जीपीओ, घुमटाखालून वर)

मुंबईच्या मोठ्या पोस्टाचा, जीपीओचा, हा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला. वास्तुकार जॉन बेग, इमारत पुरी झाली 1913 मध्ये. या खिडक्यांवर विकली जाणारी तिकिटं तेव्हा लंडनहून बोटीनं येत. ती इथे छापायला लागलो ते 1925-26 च्या सुमारास, नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. हे बघा, 1958 चं महर्षी कर्वे यांचं तिकीट: वयाची शंभरी गाठलेले अण्णा हयात असताना तिकिटावर आले. स्वतंत्र भारताच्या तिकिटावर हयात भारतीय येण्याची ती पहिलीच वेळ.

(दृश्य: सॉर्टिंगचे खण, हातांचा क्लोजअप)

या हातांकडे बघा. पत्त्यावर नुसतं ‘वडगाव’ किंवा ‘पिंपळगाव’ लिहिलेलं असलं की कुठल्या खणात टाकणार? त्यात लिपी दहा, अक्षरं शंभर तऱ्हेची. तोडगा काढला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड सुरू झाला. सहा आकड्यांपैकी पहिला विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांचा 4. दुसरा उपविभागाचा, तिसरा सॉर्टिंग जिल्ह्याचा. शेवटचे तीन थेट तुमच्या पोस्टाचे. 411 दिसलं की पुण्याच्या खणात, 403 दिसलं की गोव्याच्या. पत्ता वाचता नाही आला तरी चालतं. नऊ आकडा फौजेच्या टपालासाठी राखलेला.

(दृश्य: पोस्टमन सायकलवर, चाळीचा जिना, दारं)

2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. रजिस्टरचा दर वजनावर होता, देशभर सारखा. स्पीड पोस्टचा दर वजनाबरोबर किलोमीटरवरही ठरतो.